पीडित आयरिश अमेरिकेत 'गोरे' कसे झाले?

परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेले आमचे आंबेडकरी मित्र सुट्टीत भेटले की एक मुद्दा हमखास काढतात. म्हणतात, आयरिश लोकांकडे बघा. उपाशीपोटी, अंगावरच्या कपड्यांनिशी अमेरिकेत उतरले. सव्वाशे वर्षांच्या आत तिथला राष्ट्राध्यक्ष झाले आणि तिथे बसून इंग्लंडला आयर्लंडच्या प्रश्नावर वाकवले. आपणही परदेशात तसेच संघटित झालो तर दिल्लीवर दबाव का आणता येणार नाही?

मुद्दा ऐकायला चांगला आहे. आम्ही स्वतःही तो भाषणांतून मांडला आहे आणि टाळ्याही घेतल्या आहेत. पण हा इतिहास नीट वाचायला घेतला तेव्हा कळले की आपण अर्धीच गोष्ट सांगत होतो, आणि गाळलेला अर्धा भागच आपल्या जास्त कामाचा आहे.

आधी आजचे चित्र पाहू. आयर्लंड बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास. अमेरिकेत मात्र तीन कोटींहून अधिक लोक जनगणना खात्याला सांगतात की आमचे मूळ आयरिश. १७ मार्च हा सेंट पॅट्रिकचा दिवस. त्या सुमारास आयर्लंडचे पंतप्रधान व्हाइट हाउसमध्ये जाऊन राष्ट्राध्यक्षांना काचेच्या भांड्यात शॅमरॉक, म्हणजे तिपानी हिरवा पाला, भेट देतात. मोठमोठ्या देशांचे प्रमुख भेटीची तारीख मिळावी म्हणून ताटकळतात, आणि या छोट्या देशाला ती दरवर्षी ठरलेली. ही प्रथा १९५२ मध्ये सुरू केली राजदूत जॉन हर्न यांनी. हे नाव आपण लक्षात ठेवावे. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेचा मसुदा लिहिण्यात मुख्य हात याच हर्न यांचा होता, आणि आपल्या संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना त्याच घटनेवरून आलेली आहे.

आता मुळाकडे जाऊ. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज सत्तेने आयर्लंडमधल्या कॅथलिकांवर जे कायदे लादले त्यांची यादी वाचली तर आपल्या वाचकाला ती ओळखीची वाटेल. कॅथलिकाने जमीन विकत घ्यायची नाही, शाळा चालवायची नाही, शस्त्र बाळगायचे नाही, संसदेत बसायचे नाही. (तरी एक फरक सांगितलाच पाहिजे. कॅथलिक माणूस प्रोटेस्टंट झाला की यातल्या बहुतेक बंद्या उठत. अस्पृश्याला त्याच धर्मात राहून अशी एकही वाट नव्हती. तुलना करावी, पण डोळे उघडे ठेवून.) पुढे १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. गरीब कुळाचे पोट बटाट्यावर आणि जमीन बड्या जमीनदाराची. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जातच होती. दुष्काळ आणि उपासमार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आहे त्याला सांगावे लागत नाही.

अमेरिकेत स्वागत झाले ते तिरस्काराने. बॉस्टनजवळ चार्ल्सटाउनचा कॅथलिक मठ १८३४ मध्ये जाळला गेला. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली होऊन कॅथलिक चर्चेस पेटवली गेली. १८५० च्या दशकात तर 'नो नथिंग' नावाने ओळखला जाणारा एक अख्खा पक्षच परकीय आणि कॅथलिकांच्या विरोधावर उभा राहिला. हे सारे खरे आहे, आणि आयरिश अमेरिकन माणूस आजही ते अभिमानाने आणि दुःखाने सांगतो.

तो जे सांगत नाही ते असे. १७९० च्या कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसाला होता. आयरिश माणूस कितीही भिकारी, कितीही तिरस्कृत असला तरी कायद्याच्या लेखी तो गोरा होता. काही वर्षे राहिला की नागरिक, आणि नागरिक झाला की मतदार. ज्या काळ्या माणसाच्या चार-पाच पिढ्या त्याच मातीत राबल्या त्याला ते मत नव्हते. हा कायदा विसरला की पुढचे सगळे गणित चुकते. सत्तेचे दार आयरिशांना जड होते, पण त्याला आतून कुलूप नव्हते.

आयर्लंडमध्ये बसलेल्या नेत्यांना हा धोका दिसला होता. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेचे दार उघडून देणारे डॅनियल ओकॉनेल हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांच्यासह आयर्लंडमधल्या साठ हजार माणसांनी सह्या केलेले एक आवाहन १८४२ च्या जानेवारीत बॉस्टनच्या सभेत वाचले गेले. अमेरिकेतल्या आपल्या भाऊबंदांना त्यांचे सांगणे साधे होते : काळ्यांना आपले समजा, गुलामगिरी संपवणाऱ्यांच्या बाजूने उभे राहा. उत्तर काय मिळाले? न्यूयॉर्कचे आयरिश बिशप जॉन ह्यूज यांनी आधी हे पत्र खरे आहे का अशी शंका काढली, आणि खरे असलेच तर परदेशातून आलेला असला सल्ला धुडकावून लावा असे सांगितले. ओकॉनेल यांच्या चळवळीला अमेरिकेतून पैसा येत असे. ते गुलामगिरीवर बोलतच राहिले तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांतील त्यांची काही समर्थक मंडळे मोडली, देणग्या आटल्या. ओकॉनेल हटले नाहीत. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये आयर्लंडला गेले तेव्हा त्यांना तिथे माणूस म्हणून वागवले गेले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तोच आयरिश माणूस समुद्र ओलांडून अमेरिकेत उतरला की काळ्याचा द्वेष करायला शिकतो, हेही डग्लस यांनीच पुढे बोलून दाखवले.

एकच माणूस, एकच भूक. मग मधल्या समुद्रात काय घडले?

घडले ते असे की अमेरिकेत त्याला स्वतःच्या खाली कुणीतरी सापडले. गोदीवर हमाली करणारा आयरिश आणि गोदीवर हमाली करणारा काळा यांची मजुरी सारखी, वस्ती शेजारी, घाम सारखाच. दोघे एकत्र आले असते तर मालकाचे अवघड होते. पण एकाला सांगितले गेले की तू गोरा आहेस, आणि त्याने ते ऐकले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी का म्हटले ते कळायला न्यूयॉर्कची गोदी पुरेशी आहे. जुलै १८६३ मध्ये यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. तीनशे डॉलर भरणाऱ्या श्रीमंताला सूट. गरिबाचा राग रास्त होता. पण तो राग गेला कुठे? न्यूयॉर्कमध्ये चार दिवस जी दंगल चालली तिच्यात आयरिश मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांनी काळ्यांना भर रस्त्यात दिव्याच्या खांबांना लटकावले. काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला, आतली दोनशेहून अधिक मुले मागच्या दाराने काढली म्हणून वाचली. दंगल आवरणाऱ्या पोलिसांतही आयरिश होते आणि उत्तरेच्या सैन्यात दीड लाखाच्या आसपास आयरिश लढले, हे नमूद करतो. पण मग रागाने त्या तीनशे डॉलरवाल्याकडे न जाता अनाथाश्रमाकडे वाट का काढली, हा प्रश्न तसाच उरतो.

बरोबर दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. जोतीरावांनी अमेरिका कधी पाहिली नव्हती. कुणाचा हात धरायचा हे मात्र त्यांना तिथे राहणाऱ्या लाखो आयरिशांपेक्षा स्वच्छ दिसले.

यानंतरची आयरिशांची चढण मात्र शिकण्यासारखी आहे, तिथे आम्ही हातचे राखून बोलणार नाही. न्यूयॉर्कचे 'टॅमनी हॉल' हे डेमोक्रॅटिक पक्षाचे यंत्र त्यांनी ताब्यात घेतले ते गल्लीपासून. बोटीतून उतरलेल्या माणसाला खोली बघून देणे, कागद भरून देणे, मयताला खर्च, हिवाळ्यात कोळसा, मुलाला पोलिसात किंवा अग्निशमन दलात नोकरी, आणि निवडणुकीला मत. भ्रष्टाचार प्रचंड होता, पण कार्यकर्ता दारात उभा असे. आपले पुढारी बाराही महिने फलकावर दिसतात आणि मयताला दिसत नाहीत, त्यांनी हे वाचावे. १८८० मध्ये न्यूयॉर्कला आणि १८८४ मध्ये बॉस्टनला आयरिश कॅथलिक महापौर निवडून आला. १९२८ मध्ये अल स्मिथ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि पडले, त्यात कॅथलिकद्वेषाचा मोठा वाटा होता. १९६० मध्ये जॉन केनेडी जिंकले.

पण ही शिडी चढताना पाय कुणाच्या खांद्यावर होता? कॅलिफोर्नियात १८७७ पासून 'चिन्यांनो चालते व्हा' ही घोषणा गाजवणारा कामगारांचा पुढारी डेनिस कर्नी हा आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात जन्मलेला, म्हणजे स्वतःच बोटीतून आलेला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद करणारा कायदा झाला.

इथे आपल्याकडच्या उच्चवर्णीयांची आठवण होणे अटळ आहे. भगतसिंग थिंद यांचा खटला १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. नागरिकत्व हवे तर गोरे असणे भाग होते. म्हणून थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य वंशाचे आहेत. इतकेच नव्हे, गोरा अमेरिकन निग्रोकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने उच्च जातीचा हिंदू इथल्या आदिवासींकडे बघतो, हेही गोरेपणाचा पुरावा म्हणून पुढे केले गेले. न्यायालयाने दावा फेटाळला. आयरिशांना जी शिडी मिळाली ती यांनाही हवी होती, मिळाली नाही एवढेच. पुढे १९६५ च्या कायद्याने आशियातल्या लोकांना अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीच्या रेट्यामुळे, आणि सिनेटमध्ये तो कायदा तडीस नेला टेड केनेडी या आयरिश कॅथलिकाने. आज न्यू जर्सीत बंगला बांधून 'आम्ही गुणवत्तेवर आलो' म्हणणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी भिंतीवर लावाव्यात.

आता परदेशातून मायदेशाला बळ देण्याकडे येऊ. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याला अमेरिकेतून पैसा, शस्त्रे आणि माणसे मिळाली. एमन डी व्हॅलेरा यांचा तर जन्मच न्यूयॉर्कचा. १९१९-२० मध्ये त्यांनी अमेरिकाभर फिरून रोखे विकले आणि पन्नास लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. १९१६ च्या डब्लिनच्या उठावाच्या जाहीरनाम्यातच अमेरिकेतल्या लेकरांच्या मदतीचा उल्लेख आहे. त्या मे महिन्यात उठावाच्या पुढाऱ्यांना डब्लिनमध्ये एकामागून एक गोळ्या घातल्या जात होत्या. त्याच दिवसांत, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचे बाबासाहेब भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचत होते.

पुढे बाबासाहेबांनी आयर्लंडचा विचार केला तो मात्र अमेरिकेतल्या आयरिशांपेक्षा वेगळ्या बाजूने. 'जातिसंहार' या १९३६ च्या भाषणात ते दाखला देतात तो अल्स्टरच्या अल्पसंख्याकांचा. दक्षिणेचे नेते रेडमंड म्हणाले, हवी ती संरक्षणे मागा. अल्स्टरवाल्यांनी उत्तर दिले, तुमची संरक्षणे घाला चुलीत, आम्हाला तुमचे राज्यच नको. एका देशाचे स्वातंत्र्य म्हणजे त्यातल्या प्रत्येक समाजाचे स्वातंत्र्य असे होत नाही, हे बाबासाहेबांना त्यातून दाखवायचे होते. अमेरिकेतल्या आयरिश सभांमध्ये ही गुंतागुंत सांगून देणग्या मिळत नसत.

अल्स्टरचा बराचसा भाग ब्रिटनकडे राहिला आणि उत्तर आयर्लंड झाला. तिथे सत्ता प्रोटेस्टंटांची, आणि आता अल्पसंख्य होते कॅथलिक. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य, तरी प्रभागांची रचना अशी की नगरपालिकेत आठ जागा त्यांच्या आणि बारा दुसऱ्यांच्या. घरवाटपात भेदभाव, नोकरीत भेदभाव. १९७१ च्या जनगणनेत कॅथलिक पुरुषांमधली बेरोजगारी प्रोटेस्टंट पुरुषांच्या सुमारे अडीच पट निघाली. याविरुद्ध १९६७ पासून जी नागरी हक्क चळवळ उभी राहिली तिने नमुना घेतला तो अमेरिकेतल्या काळ्यांचा. मोर्चे तसेच, गाणेही तेच. आयर्लंडचा कॅथलिक तरुण मार्टिन ल्यूथर किंगकडे बघत होता, त्याच वेळी शिकागोचा आयरिश महापौर रिचर्ड डेली किंगच्या आंदोलनाला अडवत होता.

ही विसंगती सर्वांत आधी जिने तोंडावर सांगितली तिचे नाव बर्नाडेट डेव्हलिन. वय बावीस, नुकतीच ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली. ऑगस्ट १९६९ मध्ये ती निधी गोळा करायला अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कच्या महापौरांनी तिला शहराची सन्मानाची चावी दिली. आयरिश मंडळे हारतुरे घेऊन उभी. पण डेट्रॉइटमध्ये काळ्यांना सभागृहात घेतल्याशिवाय मंचावर जायला तिने नकार दिला. घरी प्रोटेस्टंट सत्ताधारी आपल्याबद्दल जे बोलतात तेच शब्द इथले आयरिश काळ्यांबद्दल बोलतात, हे तिला दिसले आणि तिने ते लपवले नाही. आपली माणसे म्हणून तिला जवळची वाटली ती काळी आणि प्युर्टोरिकन वस्तीतली. १९७० च्या मार्चमध्ये तिच्या वतीने तिचा सहकारी एमन मॅककॅन याने ती चावी न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक पँथरांच्या हाती दिली. आयरिश अमेरिका संतापली. दोन वर्षांनी मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा त्यांनीही नाव घेतले ते त्याच पँथरचे.

आयरिश अमेरिका काही लगेच सुधारली नाही. १९७४ मध्ये काळ्या मुलांना बसने गोऱ्यांच्या शाळेत पाठवण्याचा आदेश बॉस्टनच्या न्यायाधीश गॅरिटी यांनी दिला, ते स्वतः आयरिश. त्या बसवर दगड आले ते साउथ बॉस्टनच्या आयरिश वस्तीतून. याच काळात न्यूयॉर्कमधल्या 'नोरेड' सारख्या संघटना आयरिश दारूगुत्त्यांत डबे फिरवून बेलफास्टला पैसा पाठवत होत्या. घरच्या अन्यायावर डोळे भरून येत होते, शेजारच्या मुलाच्या बसवर दगड पडत होता, आणि हे एकाच माणसाच्या हातून होत होते.

मग खरा दबाव कसा आला? एक भाग टेड केनेडी, टिप ओनील यांच्यासारख्या नेत्यांचा, ज्यांनी १९७७ पासून हिंसेला पैसा देऊ नका असे सांगत वॉशिंग्टनला लंडनशी बोलायला लावले. त्यातून पुढे १९९८ च्या शांतता कराराची वाट निघाली, त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला अधिक महत्त्वाची वाटतात ती १९८४ ची मॅकब्राइड तत्त्वे. नोबेल मिळवलेले शॉन मॅकब्राइड यांच्या नावाने नऊ कलमे तयार झाली. उत्तर आयर्लंडमध्ये कारखाने असलेल्या अमेरिकन कंपन्यांना ती लागू करायला सांगायचे : ज्या धर्मगटाची माणसे कमी आहेत त्यांची भरती वाढवा, जागांची जाहीर जाहिरात द्या, कामाच्या ठिकाणी डिवचणारी धार्मिक-राजकीय चिन्हे नकोत, कामावर येता-जाता कामगाराला संरक्षण द्या. न्यूयॉर्क शहराच्या कर्मचाऱ्यांचे पेन्शन फंड या कंपन्यांचे भागधारक होते. त्यांनी भागधारक म्हणून ठराव मांडले. अनेक राज्यांनी कायदे केले. ब्रिटिश सरकारने कडाडून विरोध केला, आणि १९८९ मध्ये त्याच सरकारला नवा कायदा करून खाजगी मालकांनाही आपल्याकडे कोणत्या समाजाचे किती लोक आहेत हे मोजून कळवायला लावावे लागले.

ही कल्पना कुठून आली? दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध अमेरिकन कंपन्यांसाठी १९७७ मध्ये लिओन सलिव्हन यांनी आखलेल्या तत्त्वांवरून. सलिव्हन हे फिलाडेल्फियाचे काळे धर्मोपदेशक. १८४४ मध्ये जिथे आयरिशांची चर्चेस जळाली तेच शहर. आणि पेन्शन फंडातला पैसा न्यूयॉर्कच्या काळ्या शिक्षिकेचा आणि प्युर्टोरिकन सफाई कामगाराचाही होता.

तेव्हा आमच्या मित्रांना सांगणे असे, की आयरिशांचे अनुकरण करायचे तर कोणत्या आयरिशांचे ते आधी ठरवा. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे म्हणून ते परत पाठवले. (न्यूसमही आयरिश कॅथलिक घराण्यातले, हा योगायोग.) विधेयकाच्या विरोधात जे उतरले ते अमेरिकेत स्वतःला अल्पसंख्य म्हणवतात आणि भारतात बहुसंख्याकांच्या राजकारणाला पैसा पुरवतात. त्यांच्याशी भांडताना आपल्यासोबत कोण उभे राहिले आणि आपण त्यांच्या मोर्चाला कधी गेलो, याचा हिशोब न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळांनी १४ एप्रिलच्या कार्यक्रमाआधी एकदा मांडावा.

हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत अमेरिकन कंपन्यांची मोठमोठी कार्यालये आहेत. आपल्याकडे किती अनुसूचित जातींचे आणि जमातींचे लोक आहेत, कोणत्या पदावर आहेत, हे मोजून जाहीर करायला भारतातला कोणताही कायदा त्यांना भाग पाडत नाही. त्यांचे समभाग मात्र न्यूयॉर्कच्या आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडांकडे आहेत. मॅकब्राइड तत्त्वांच्या धर्तीवर जातीसाठी नऊ कलमांचा मसुदा आम्ही लिहायला घेतला आहे. पहिली तीन कलमे झाली आहेत : मोजणी, जाहीर भरती, आणि मुलाखतीत आडनाव, गाव, खाणेपिणे यांवरून जात चाचपण्यावर बंदी. उरलेल्या सहांसाठी तिकडे काम करणाऱ्या मित्रांनी आपले अनुभव लिहून पाठवावेत.

जय भीम!